अलीपूर रोडचा बंगला आणि आमची नोएडातली खोली

दिल्लीचं रेडिओ केंद्र १ जानेवारी १९३६ ला सुरू झालं, ते १८, अलीपूर रोडवरच्या एका बंगल्यात. राहत्या घराचाच स्टुडिओ! पार्लमेंट स्ट्रीटची खास बांधलेली इमारत १९४३ मधली.

हे आठवायला कारण घडलं. नोएडातल्या फ्लॅटमध्ये मला आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. ती ८२ वर्षांची, आवाज दरवर्षी बारीक होत चाललेला. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्यायला नेहरू प्लेसला गेलो, तर दुकानदार ४८ व्होल्टच्या बटणावरच अडून बसला.

या ४८ ची गोष्ट मजेशीर आहे. १९६६ मध्ये नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या रेडिओला नवा मायक्रोफोन दाखवला. तिथला हिवाळा अंधारा, म्हणून स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती. तीच वीज माइकच्या तारेतून पाठवली. बघा, कुठले दिवे आणि कुठलं बटण!

पण ही वीज लागते कंडेन्सर माइकला, आणि तो पंखा, हॉर्न, सगळंच टिपतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळचा आवाज घेतो, त्याला ४८ नको. मात्र त्याचा सिग्नल क्षीण, म्हणून इंटरफेसचा प्रीअँप दमदार हवा, गेन वाढवला तरी खरखर न करणारा. मी तेवढंच पाहिलं. चार इनपुटांचा मोह सोडला. गाणारी एकटी आईच.

आतापर्यंत ३१ ओव्या झाल्यात. बाकीच्या तिला आठवतील तशा.