वेफर्स सोडून काहीही

दारूच्या गुत्त्याचा इतिहास लिहितोय म्हटल्यावर सौ.ने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. म्हटलं, अगं, गुत्ता इथला नव्हे, विलायतेतला!

वूस्टरशायरमधल्या ब्रेटफर्टन या खेड्यात ‘फ्लीस इन’ नावाचा पब आहे. मुळात हे पंधराव्या शतकातले, बर्ड नावाच्या शेतकऱ्याचे घर. १८४८ साली तिथे पब सुरू झाला, पण मालकी घराण्यातच राहिली. चिमणीतून चेटकिणी उतरू नयेत म्हणून शेकोटीपुढे खडूने वर्तुळे काढायची तिथली जुनी चाल. घराण्यातल्या शेवटच्या मालकीणबाई लोला टॅपलिन १९७७ साली गेल्या. जाताना त्यांनी पब ‘नॅशनल ट्रस्ट’ या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या नावे केला. वर तंबी : इथे बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत!

बँकेत मयत खातेदारांच्या वारसांचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. कुणाला काय द्यायचे, याच्या याद्या पुष्कळ पाहिल्या. काय करायचे नाही, हे बजावून जाणारी बाई ही पहिलीच. २००४ साली पबच्या गवती छपराला आग लागली. तरी दुरुस्ती होऊन २००५ साली पब पुन्हा उघडला.

आम्ही चौघा भावांनी मात्र गावचा वाडा विकला. आजी सांगून गेली होती, “काय वाट्टेल ते करा, पण तुळशीवृंदावन हलवू नका.” सह्या करताना धाकट्याला ते आठवलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडलो बँकेतला!

म्हणालो, “लेखी कुठाय?”