निसर्ग वादळ आणि वाडीवरची घरं



या पानावर आपण नेहमी खत, पाणी, कीड-रोग यावर लिहितो. आज थोडा इतिहास लिहितोय. तसा फार जुना नाही, ३ जून २०२० चा, निसर्ग चक्रीवादळाचा. बातम्यांत हे वादळ एका दिवसात संपलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या घरांत ते पुढे कित्येक वर्षं चाललं. ते कसं, हे घाटावरच्या मित्रांना कळावं म्हणून ही नोंद.

आधी आमची वाडी समजून घ्या. किनाऱ्याला शेत वेगळं आणि घर वेगळं असं नसतं. पुढे रस्ता, मग घर, मागे विहीर आणि विहिरीपासून समुद्राकडे जाणारी नारळ-सुपारीची वाडी. कुणाची दहा गुंठे, कुणाची वीस. सुपारीवर मिरीचा वेल, मध्ये जायफळ, पाटाच्या कडेला केळ. घरातलं लग्न, आजारपण, मुलांचं शिक्षण सगळं या दहा-वीस गुंठ्यांवर. आजोबांनी लावायचं आणि नातवाने पाडायचं, अशी ही शेती.

वादळ आलं तेव्हा रोहिणी नक्षत्र चालू होतं, मृग चार दिवसांवर. म्हणजे घराघरांत पावसाळ्याची तयारी उरकत आलेली. कौलं शाकारून झालेली, लाकूडफाटा पडवीत रचलेला, सुकी मासळी डब्यात भरलेली. त्यात करोनाची टाळेबंदी. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले आणि शाळा विलगीकरणाला दिलेल्या. एरवी वादळात माणसं शाळेत हलवता येतात. त्या वर्षी शाळेत जायचं की घरात थांबायचं, हाच पेच होता. म्हातारी माणसं म्हणाली, मरायचं तर आपल्या माजघरात मरू. पुष्कळांना पोलीस आणि गावातल्या पोरांनी समजावून पक्क्या घरात नेलं.

दुपारी साधारण साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. आपल्याकडच्या चक्रीवादळात वारा घड्याळाच्या उलट फिरतो, आणि वादळ ज्या दिशेने चाललंय त्याच्या उजव्या अंगाला जोर जास्त असतो. म्हणून डावीकडची मुंबई बरीचशी वाचली आणि दक्षिणेकडच्या श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मंडणगड, दापोलीने मार खाल्ला.

घरात काय चाललं होतं, तर बहुतेक घरांत एकच चित्र. बायामाणसं पोरांना घेऊन मधल्या खोलीत, पुरुष दाराला पाठ लावून. गुरांची दावी आधीच सोडलेली, कारण गोठा पडला तर बांधलेलं जनावर जागच्या जागी मरतं. आधी कौलं उडाली, मग पत्रे. आणि मागच्या बाजूने सुपाऱ्या मोडल्याचे आवाज, एकामागून एक. कुणी मोजत नव्हतं, पण प्रत्येक आवाज म्हणजे किती वर्षं, हे घरातल्या मोठ्यांना कळत होतं.

शेतीच्या अंगाने पाहा. सुपारीचं खोड बारीक आणि उंच, ती मध्येच मोडते. नारळ मुळासकट उपटतो किंवा त्याचा शेंडा पिळवटतो. आंबा मोडला तर खोडातून फूट येते. नारळ-सुपारीला वाढीचा कोंब एकच, तो गेला की उभं झाडही मेलेलंच. म्हणून वरवर बरी दिसणारी कित्येक झाडं पुढच्या महिन्यांत गेली. डोक्यावरची सावली गेल्याने खालची मिरी आणि जायफळंही उन्हाने करपली.

दोन दिवसांनी, ५ जूनला वटपौर्णिमा होती. रस्त्यात आडव्या पडलेल्या झाडांत वडही होते. बायकांनी पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं आणि घरी येऊन ओले तांदूळ उन्हात पसरले. वीज कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. पंप बंद. रहाट केव्हाच काढून टाकलेले, त्यामुळे पाणी दोरीने ओढायचं, आणि ते काम बहुतेक घरांत बायकांवरच आलं. मोबाईल बंद. मुंबईत राहिलेल्यांना घरची माणसं जिवंत आहेत हे कळायलाच कित्येक दिवस लागले.

मग आला पंचनामा. बागायतीला मदत आधी हेक्टरी १८ हजार होती, सरकारने ती ५० हजार केली, दोन हेक्टरपर्यंत. ऐकायला बरी वाटते. पण दहा गुंठ्यांना हिशोब लावा: साधारण पाच हजार रुपये. सुपारी २.७ मीटरवर लावली तर दहा गुंठ्यांत १३७ च्या आसपास झाडं बसतात. म्हणजे झाडामागे ३६-३७ रुपये. लोकांनी आवाज उठवल्यावर झाडावर मदत मान्य झाली, नारळाला २५० आणि सुपारीला ५०. वाडी हेक्टरात मोजता येत नाही, ती झाडात मोजावी लागते, एवढं तरी त्यातून मान्य झालं.

खरी अडचण सातबाऱ्यावर होती. तीन पिढ्या वाटणी नाही, नावं दहा-बारा. त्यातला एक डोंबिवलीत, एक सुरतेत, एक वारलेला. पैसे घ्यायचे तर सगळ्यांचं संमतीपत्र. वर्षानुवर्षं न बोललेले चुलतभाऊ त्या कागदासाठी बोलले. काही घरं त्यात जोडली गेली. काहींची भांडणं कोर्टापर्यंत गेली. वाऱ्याने भिंत पाडली ती परत बांधता आली, पण काही भावांचं बोलणं अजून बंदच आहे.

पुनर्लागवडीत दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. एक, पडलेली खोडं वाडीत कुजत ठेवू नका. त्यात गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा वाढतो आणि वादळातून वाचलेला नारळ तो खातो. दोन, सुपारीचं रोप उघड्या उन्हात टिकत नाही. आधी केळ लावून सावली करा, मग सुपारी. ज्यांनी घाई केली त्यांची रोपं पहिल्याच उन्हाळ्यात करपली. सुपारी धरायला पाच ते सात वर्षं, बाणवली नारळालाही बरीच वर्षं. पन्नाशी-साठीतल्या माणसाने हे रोप लावावं का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघाला. ज्या घरात मुलगा गावी राहिला तिथे रोपं लागली. जिथे नाही, तिथे वाडीच्या जागी पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहिल्या. त्यांना दोष देत नाही. पोट सात वर्षं थांबत नाही.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा होड्या समुद्रात होत्या आणि अनेक खलाशी परतले नाहीत. निसर्गच्या वेळी इशारा वेळेत मिळाला, म्हणून माणसं पुष्कळ वाचली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गुजरातकडे गेलं. माणूस वाचवायला आपण शिकतोय. झाड आणि घर वाचवायचं अजून बाकी आहे. किनाऱ्याकडच्या कुंपणाला उंडी, केवडा, सुरू लावा. पूर्वीचे लोक लावत होते, आपणच तोडून भिंती घातल्या.

आणि एक काम याच हंगामात करा. वाडीतली झाडं मोजा, फोटो काढा, ई-पीक पाहणीत नोंद करा. वारसनोंद राहिली असेल तर ती लावून घ्या. वादळानंतर झाड दाखवता येत नाही, कागदच दाखवावा लागतो.

तुमच्या घरी त्या दिवशी काय झालं, किती झाडं गेली आणि किती परत लावली, ते खाली जरूर लिहा. जुन्या माणसांना विचारून लिहा. या आकड्यांची वही आपणच ठेवायला हवी.