दुष्काळी म्हणून हिणवलेल्या सांगोल्यात बघण्यासारखं काय आहे? ऐका तर मग!

पोस्ट लांब आहे, सावकाश वाचा.

जून २०२२ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राला सांगोला माहीत झालं. कशामुळं, ते सांगायला नको. आपले त्या वेळचे आमदार गुवाहाटीहून फोनवर बोलले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" आणि राज्यभर हसू पसरलं. राजकारण बाजूला ठेवू. पण त्या वाक्यात आपल्या मुलखाचं एक दुखणं होतं, ते कुणी बघितलं नाही. झाडी आणि डोंगर बघितल्यावर ज्याला इतकं अप्रूप वाटतं, तो माणूस माणदेशातलाच असणार. आपल्याकडं "बघण्यासारखं" म्हणजे दुसरीकडचं, हिरवं, पावसाळी. शाळेची सहल महाबळेश्वरला, लग्नानंतरची जोडी कोकणात, आणि पाहुणे आले तर त्यांना पंढरपूरला नेऊन आणायचं. सांगोल्यात काय दाखवणार? माळ, कुसळं आणि डाळिंबाच्या बागा.

आता दुसरी गोष्ट. आपल्यातलेच चार लोक दिवाळीच्या सुट्टीत पैसे साठवून जैसलमेरला जातात. तिथं काय आहे? आपल्या निम्म्यानंसुद्धा पाऊस नाही. ११५६ च्या सुमारास रावळ जैसलनं बांधलेला किल्ला आहे, चौदाव्या शतकात खोदलेला गडीसर तलाव आहे, आणि वाळू आहे. त्या लोकांनी आपला कोरडेपणा लपवला नाही, त्याचीच गोष्ट करून सांगितली. तलाव दाखवताना ते सांगतात की हे गाव या पाण्यावर जगलं. आपण मात्र "दुष्काळी तालुका" हा शब्द फक्त निधी मागताना वापरतो.

म्हणून आज जरा आपल्या घरचं सांगतो. आणि सुरुवात गावातल्या किल्ल्यापासून.

सांगोल्याचा भुईकोट विजापूरच्या आदिलशाहीत बांधला गेला, असं सांगितलं जातं. आज तो किल्ला वाटत नाही, वस्ती आणि कचेऱ्यांनी तो गिळला. पण मराठ्यांच्या इतिहासातला एक मोठा सांधा इथं बदलला. १५ डिसेंबर १७४९ ला साताऱ्यात शाहू महाराज गेले. मूल नव्हतं. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढं आणलेले रामराजे जानेवारी १७५० मध्ये गादीवर बसले. आता कारभार कुणाच्या हातात, यावरून ओढाताण सुरू झाली. एका बाजूला पेशवे नानासाहेब. दुसऱ्या बाजूला ताराबाई, आणि पेशव्यांचं वाढतं वजन न सोसणारे जुने सरदार. त्यात प्रतिनिधींचं घराणं मोठं. प्रतिनिधी म्हणजे दरजानं पेशव्यांच्याही वर मानलं जाणारं पद. हे प्रतिनिधी जगजीवनराव, आणि त्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीनं कारभार बघणारे, यमाजी शिवदेव. या यमाजींनी सांगोल्याच्या किल्ल्यात बसून पेशव्यांविरुद्ध बंड उभारलं.

ते मोडायला फौज घेऊन आला सदाशिवरावभाऊ. होय, दहा वर्षांनी पानिपतावर गेलेला तोच भाऊ. तेव्हा त्यानं नुकतीच विशी गाठली होती. बरोबर खुद्द छत्रपती रामराजे. म्हणजे बघा, किल्ल्यात छत्रपतींच्या प्रतिनिधीचा माणूस, आणि किल्ल्याबाहेर पेशव्याच्या फौजेत छत्रपती! यमाजींचं बंड टिकलं नाही. आणि त्याच मुक्कामात, सप्टेंबर १७५० मध्ये, रामराजांकडून एक करार झाला. राज्याचा कारभार पेशव्यांनी करावा, त्यांच्या निर्णयांना छत्रपतींची मान्यता असावी, आणि छत्रपतींकडं साताऱ्याभोवतालचा थोडा मुलूख राहावा, असा त्याचा मतलब. इतिहासाच्या पुस्तकात याला "सांगोल्याचा करार" म्हणतात. एमपीएससीची पोरं तो एका ओळीत पाठ करतात आणि पुढं जातात. सांगोल्याचीच पोरं सुद्धा.

या करारावरून भांडायला लोकांना फार आवडतं. एक म्हणतो पेशव्यांनी सत्ता लाटली, दुसरा म्हणतो रामराजे दुबळे होते, राज्य कुणीतरी चालवायलाच हवं होतं. माझं मत विचाराल तर कागदानं सत्ता गेली नाही. ती शाहू महाराजांच्या हयातीतच हळूहळू पुण्याकडं सरकत होती, सांगोल्यात तिच्यावर फक्त शिक्का बसला. आणि ज्यांना तो शिक्का सर्वात जास्त झोंबला त्या ताराबाई गप्प बसल्या नाहीत. साताऱ्याला परत गेलेल्या रामराजांना त्यांनी दोनच महिन्यांत, नोव्हेंबर १७५० मध्ये, किल्ल्यावर कैदेत टाकलं. पंचाहत्तरीची बाई, पण ती आपल्या हिशेबानं शेवटपर्यंत लढली. या भांडणाचा निकाल व्हॉट्सॲपवर लागणार नाही. पण हे सगळं जिथं घडलं, तिथून आपण रोज सातबारा आणायला जातो, हे तरी ठाऊक असावं की नाही?

त्या काळात या गावाला "सोन्याचं सांगोलं" म्हणत. कोरड्या मुलखातलं गाव सोन्याचं कसं, हा प्रश्न पडायलाच हवा. इथला माळ जनावरांना मानवणारा, त्यात पंढरपूर-मंगळवेढ्याशी जवळीक. पाऊस कमी पडला म्हणजे गाव गरीबच, असं काही नसतं. मग १८०२ आलं. यशवंतराव होळकर आणि पेशवे यांच्या झगड्यात होळकरांच्या पठाण फौजेनं गाव लुटलं, आणि ते नाव लुटीबरोबर गेलं. लक्षात घ्या, सांगोल्याचं सोनं पावसानं नेलं नाही. ते फौजेनं नेलं.

आता गावातून बाहेर पडू. पश्चिमेला आटपाडी. आज सांगली जिल्ह्यात, पण मुलूख तोच, माणसं तीच. व्यंकटेश माडगूळकरांची "माणदेशी माणसं" आणि "बनगरवाडी" याच मातीतली. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर कितीजणांनी बघितलंय? खुली वसाहत आहे. भिंती नसलेला तुरुंग. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. वर ज्या प्रतिनिधी घराण्याचं नाव आलं, तेच हे घराणं. १९३९ मध्ये या राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं नवी राज्यघटना आणली आणि कारभार लोकांनी निवडलेल्या पंचायतींच्या हाती दिला. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरच्या साथीनं, शिक्षा झालेल्या कैद्यांना मोकळ्या शेतावर कुटुंबासह राहू देण्याचा हा प्रयोग सुरू झाला. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये "दो आँखें बारह हाथ" काढला. सिनेमा सगळ्यांनी बघितलाय, जागा कुणी बघितली नाही.

मला या दोन जागा एका दमात बघाव्याशा वाटतात. १७५० मध्ये प्रतिनिधींच्या माणसानं सांगोल्याचा किल्ला धरला तो सत्ता सुटू नये म्हणून. आणि पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी त्याच घराण्यातल्या राजानं शेजारच्या माळावर आपण होऊन सत्ता सोडली. मधलं अंतर मोटरसायकलनं तासा-दीड तासाचं.

पूर्वेला मंगळवेढा. तिथं मुख्य गोष्ट भुकेची. बिदरच्या बहामनी सुलतानाचे अधिकारी दामाजीपंत. दुष्काळ पडला, माणसं तडफडायला लागली, आणि या माणसानं सरकारी कोठारं उघडली. विठू महारानं येऊन पैसे भरले ही पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे, पण मला त्याआधीचा क्षण मोठा वाटतो. पैसे भरायला कुणी येईल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच मंगळवेढ्यात १३३८ मध्ये गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली संत चोखामेळा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला नेल्या, समाधी महाद्वारासमोर आहे. पण मेले ते वेठीचं काम करताना, मंगळवेढ्याच्या भिंतीखाली. वेशीतून जाताना हे आठवावं. आणि बसवेश्वरांचं सुरुवातीचं काम याच गावातलं, तेव्हा ही कलचुरींची राजधानी. एवढं एका गावात! शिवाय ज्वारी आहेच, २०१६ पासून जीआय मिळालेली.

तिथून पुढं सोलापूरच्या वाटेवर भीमेकाठी माचणूर. सिद्धेश्वराचं जुनं मंदिर, उतरता घाट, आणि शेजारी औरंगजेबाचा किल्ला. मराठ्यांना संपवायला आलेल्या त्या म्हाताऱ्या बादशहाची छावणी १६९५ ते १६९९ इथं, ब्रह्मपुरीला होती. चार वर्षं! दिल्लीचा अख्खा दरबार आपल्या भीमेच्या काठी तंबूत राहत होता. पिंडीच्या आणि ताटातल्या मांसाची फुलं झाल्याच्या आख्यायिका तिथले लोक सांगतात, त्याही ऐका, आख्यायिका म्हणून.

पाण्याच्या जागा तर कुणी बघण्याच्या यादीत घालतच नाही. राजेवाडीचा तलाव बघा. माण नदीवर, म्हसवडच्या खाली, इंग्रजी अमदानीत दुष्काळी काम म्हणून उभा राहिला. त्याचं पाणी आपल्या तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांनाही येतं. गडीसर बघायला जैसलमेरला जाणारा माणूस राजेवाडीच्या बांधावर कधी उभा राहिला नसेल. आणि १९७२ चे पाझर तलाव? ते तर आपल्याच आज्यांनी डोक्यावर पाट्या वाहून बांधलेत. खडी फोडली, सुकडी खाल्ली, हाताला घट्टे पडले. त्याच कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ ला, आणि त्यातून देशानं धडा घेतला. ज्या बांधावर आज आपण शेळ्या चारतो, तो बांध म्हणजे स्मारकच आहे. नाव मात्र एकीचंही नाही.

रेल्वेचं एका ओळीत सांगतो, नाहीतर पोस्ट संपायची नाही. मिरज-पंढरपूर ही बार्शी लाइटची छोटी गाडी १९२७ ला सुरू झाली, आणि त्याच मार्गावरच्या आपल्या स्टेशनातून २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे बंगालातल्या शालिमारला निघाली.

आता मुद्द्याचं. प्रत्येक गावात स्वागतकमानी उभ्या राहतात, त्यावर नेत्यांचे फोटो असतात. त्यातल्या एका कमानीच्या खर्चात किल्ल्याच्या उरलेल्या भागाची साफसफाई होईल आणि १७५० ला इथं काय झालं ते सांगणारा मराठीतला एक चांगला फलक लागेल. नगरपालिकेकडं आपण गटारीसाठी अर्ज करतो, यासाठीही करू. आणि शाळांनी एक सहल तरी तालुक्यातली आणि शेजारची काढावी. सकाळी किल्ला, मग मंगळवेढा, जेवण तिथंच ज्वारीच्या भाकरीचं, दुपारनंतर माचणूर. एसटीच्या एका दिवसात होतं. मोठ्यांनी रविवारी यावं, म्हणजे जनावरांचा बाजारही बघता येईल. खिलार बैल उभा बघितला की हा माळ कशासाठी आहे ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात नको, पोरं करपतील. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत चांगलं.

एक विनंती. जुन्या वाड्यांत, माळवदाखालच्या पेट्यांत, मोडीतले कागद अजून निघतात. सनदा, इनामपत्रं, पाटीलकीचे वाद. घर पाडताना ते रद्दीत किंवा चुलीत घालू नका. आधी मोबाईलवर फोटो काढा, कागद कोरड्या कापडात बांधून ठेवा, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. कुणाकडं असं काही असेल तर खाली कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव टाका.