राजवाड्याच्या दारात अडलेले गणित

१९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या २५० शाळा होत्या आणि संगणक होता ब्रिटनचा बीबीसी मायक्रो. त्याची स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलमधला एक फोटोही मावणार नाही.

१९८४ मध्येच ब्रिटनमधल्या गणित शिक्षकांच्या संघटनेने या यंत्रासाठी एक खेळ काढला, ‘एल : अ मॅथेमॅजिकल अॅडव्हेंचर’. एका राजवाड्यात फिरत, गणिती कोडी सोडवत रुनिया नावाच्या मुलीची सुटका करायची. पाढ्यांची घोकंपट्टी नाही. कागद-पेन्सिल घेऊन डोके चालवायचे.

मी तेव्हा लालबागमध्ये शाळेत होतो. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने गिरणगाव उद्ध्वस्त झाले होते. हिशेब मात्र घराघरांत पक्का होता : वाण्याची उधारी, खोलीचे भाडे, गावची मनिऑर्डर. माझ्या घरी उर्दू बोलत, तरी पावकी-निमकी तोंडात बसली ती मराठीतच.

‘एल’मध्ये हुकूम टाइप करायचे ते इंग्रजीत. अशा खेळासमोर बसवले असते, तर हिशेबात तरबेज असलेले आमचे कितीतरी सोबती पहिल्याच दालनात अडले असते, आणि त्यांना ‘गणितात कच्चे’ ठरवले गेले असते. शाळेत यंत्र आले म्हणजे काम संपत नाही. कोडे मुलाला कळेल अशा भाषेत विचारले गेले पाहिजे. ते काम मराठीत अजून बरेच बाकी आहे.