जळता क्रूस: आधी पडद्यावर, मग डोंगरावर

मंडळी, डोळ्यांनी पाहिलं ते खरं, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्ष हे आपलं पहिलं प्रमाण. अतिरेकी संघटना नेमकी हीच सवय वापरतात. अमेरिकेतलं एक उदाहरण पाहू.

कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांची हिंसक संघटना तिथल्या यादवी युद्धानंतर निघाली आणि १८७०च्या दशकात मोडली. ती काही क्रूस जाळत नसे. ते दृश्य थॉमस डिक्सनच्या १९०५च्या कादंबरीतलं. तिच्यावरून ग्रिफिथने १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट काढला. त्यात क्लॅनवाले तारणहार, कृष्णवर्णीय मात्र गुन्हेगार! त्याच नोव्हेंबरात विल्यम सिमन्सने जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर खराखुरा क्रूस पेटवून संघटना पुन्हा उभी केली. पुढच्या दशकात तिचे सभासद कित्येक लाखांवर गेले. भरतीसाठी हाच चित्रपट दाखवत. कल्पनेतली ती आग पुढे कृष्णवर्णीयांच्या दारासमोर पेटू लागली.

म्हणून आपण एक भेद लक्षात ठेवू या. पडद्यावरचं दृश्य आपल्याला प्रत्यक्ष वाटतं, पण ती कुणीतरी दिलेली साक्ष असते. आणि साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आलीच.