इंडिकेटरचा वेग आणि खुणेचा अर्थ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. या मार्गाबरोबर जे इंग्रजी शब्द येथील बोलीत उतरले त्यांत ‘सिग्नल’ हा प्रमुख होय. खांबावरील आडवा हात खाली झुकला म्हणजे मार्ग मोकळा. त्यावरून ‘सिग्नल पडला’ असा प्रयोग रूढ झाला. ‘इंडिकेटर’ या शब्दाचे मात्र येथे दोन अर्थ नांदतात. डोंबिवलीच्या फलाटावर तो येणाऱ्या लोकलची पाटी दर्शवितो. स्थानकाबाहेरील गॅरेजमध्ये तोच शब्द मोटारसायकलच्या वळणदिव्यासाठी वापरतात. प्रस्तुत टिपणात या दुसऱ्या अर्थाचा विचार करावयाचा आहे.

वळण्याची खूण आरंभी हातानेच होत असे. युरोपीय मोटारींत पुढे दाराजवळच्या खांबातून बाहेर येणारा छोटा यांत्रिक हात बसविला गेला; तो रेल्वेच्या सिग्नलचाच धाकटा भाऊ म्हणावयास हरकत नाही. लुकलुकणारे दिवे अमेरिकेत ब्युइक कंपनीने १९३९ च्या मोटारींत दिले. ठाण्याच्या वेशीवरील भांडुप येथे स्वातंत्र्योत्तर काळात लॅम्ब्रेटा स्कूटरचा कारखाना चालला. परंतु त्या पिढीच्या स्कूटरस्वारांना वळताना ‘हात दाखवणे’ भागच होते. आज केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ अन्वये हा दिवा पिवळसर नारिंगी असावा आणि मिनिटाला ६० हून कमी नाही व १२० हून अधिक नाही इतक्या वेळा लुकलुकावा, असे बंधन आहे.

हा वेग राखण्याचे काम फ्लॅशर नावाचा लहानसा रिले करतो. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असे. दिव्यांकडे जाणाऱ्या विजेने ती तापून वाके, संपर्क तुटे. निवल्यावर ती पूर्ववत होई. एखादा बल्ब गेला की प्रवाह घटे, पट्टी पुरेशी तापत नसे, आणि बहुधा उरलेला दिवा मंद गतीने लुकलुके किंवा नुसताच पेटत राही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आल्यावर हा क्रम उलटला. घटलेला प्रवाह ओळखून तो वेग जवळजवळ दुप्पट करतो. म्हणजे एकच दोष एका पिढीला मंदपणाने, तर दुसरीला घाईने सांगितला गेला. खूण आणि अर्थ यांचे नाते संकेताने ठरते, हे भाषाशास्त्रातील तत्त्व येथे यंत्रातही दिसून येते.

खरी अडचण एल.ई.डी. दिव्यांनी निर्माण केली. सामान्य मोटारसायकलवर एका बाजूस दहा वॅटचे दोन बल्ब असतात. १२ व्होल्टवर त्यांना सुमारे १·७ अँपिअर प्रवाह लागतो. एल.ई.डी.ला त्याचा लहानसा अंशच पुरतो. फ्लॅशर तो जुनाच राहिला तर बल्ब गेला असे समजून घाई करू लागतो. दिवे शाबूत असताना यंत्र तक्रार करते. आणि स्वार एकदा त्या तक्रारीस सरावला की खरोखर दिवा गेल्याचे त्यास कळत नाही. शिळफाट्याच्या रस्त्यावर रात्री मागून येणाऱ्या अवजड वाहनाच्या चालकास मग वळणाची खूण मिळेलच, असा भरवसा राहत नाही.

उपाय क्रमाने करावा. प्रथम त्या बाजूचे दोन्ही दिवे पेटतात की नाही ते पाहावे. न पेटणाऱ्या दिव्याचा बल्ब, होल्डरमधील गंज व अर्थिंगची तार तपासावी. पावसाळ्यानंतर दोष बहुधा तेथेच सापडतो. बल्ब मूळच्याच वॅटचा असावा. दिवे एल.ई.डी.चे असल्यास भारावर अवलंबून नसलेला फ्लॅशर बसविणे उत्तम. दिव्याला समांतर रोधक जोडूनही वेग ताळ्यावर येतो. पण तो तापतो, म्हणून प्लॅस्टिकपासून दूर धातूवर बसवावा लागतो, आणि विजेची बचत तर होतच नाही. शिवाय या दोन्ही उपायांनी, दिवा गेल्याची सूचना देण्याचा फ्लॅशरचा गुण बहुधा नाहीसा होतो. तेव्हा निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून चारही दिवे डोळ्यांनी पाहणे अगत्याचे ठरते. ज्या खुणेने बोलणे सोडले, तिची चौकशी आपणच केली पाहिजे.