चरकापासून मिलपर्यंत : अहमदनगर जिल्ह्यातील ऊस गाळप आणि खोळंबा

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या साखर उद्योगाविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु ते बहुतांशी भागभांडवल, नेतृत्व व निवडणुका यांभोवती फिरते. ऊस ज्या यंत्रात पिळला जातो ते यंत्र अडले म्हणजे काय होते, हा प्रश्न त्यात क्वचितच विचारला गेला.

१८८० च्या दशकातील मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये दख्खनमधील लाकडी चरकाचे वर्णन आढळते. बाभळीच्या दोन उभ्या लाटा, त्यांना नाव ‘नवरा-नवरी’; वरच्या भागातील तिरके लाकडी पेच एकमेकांत गुंतून त्या फिरत. उसाची कांडी जास्त पडली की पेचांवर ताण येई. बैल थांबवून अडकलेली कांडी काढण्यावाचून गत्यंतर नसे. १८७० च्या दशकात बिहारमधील बिहिया येथे थॉमसन व मिल्न यांनी लोखंडी चरक प्रचारात आणला. त्यात अखंड ऊस घालता येई. कांडी तोडण्याचे श्रम वाचले.

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले व प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना होता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली लोणी येथे उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा.

कारखान्याच्या मिलमध्ये तीन आडवे रोलर असतात. खालच्या दोहोंमधील ट्रॅश प्लेट हे दुखण्याचे मूळ ठिकाण होय. ती उंच बसली तर चोथ्याची वाट आवळते व शक्ती वाया जाते. खाली बसली तर चोथा पुरेसा दाबला न गेल्याने वरचा रोलर त्यावरून घसरतो आणि मिल ‘चोक’ होते. रस वेळेवर निथळला नाही तरीही हेच घडते. म्हणून रोलरला रस वाहून जाण्यासाठी खाचा पाडतात आणि पकड यावी यासाठी दातांवर वेल्डिंगचे ठिपके देतात. गव्हाणीतून ऊस एकसारखा न येणे हे कारण वरकरणी क्षुल्लक, परंतु तेही तितकेच महत्त्वाचे आहे.

मिल थांबली की बॉयलरला बगॅस मिळत नाही. वाफ उतरली की पुढील सर्व विभाग मंदावतात. तोडलेला ऊस मात्र वाट पाहत नाही. त्याचे वजन घटते, त्यातील साखरेचे विघटन होते आणि उतारा खाली येतो. उताऱ्यावर दर ठरत असल्याने हा तोटा अखेरीस सभासदाच्या पदरी पडतो. पाथर्डी किंवा बीडकडून आलेल्या तोडणी कामगाराचे नुकसान मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. त्याची मजुरी टनावर. गाडी कारखान्याच्या आवारात अडकून पडली की पुढची खेप बुडते, आणि रात्रभर जुंपलेल्या बैलांच्या वैरणीचा खर्च त्याच्याच माथी बसतो.